चमकी, मंगळसूत्र आणि हवेची नळी

2022 च्या मे महिन्यात वाईला भाच्याचे लग्न होते आणि कार्यालयातल्या वरच्या खोलीत आम्ही दहा-बारा बायका ओळीने गाद्या टाकून झोपलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी चुडा भरण्याचा कार्यक्रम चालू असताना एका भाचीने मोबाइल काढला आणि रात्री टिपून ठेवलेला माझ्या घोरण्याचा आवाज सगळ्यांना ऐकवला. खोलीभर हशा पिकला. कासारीणसुद्धा हसली आणि मीही हसले, कारण दुसरे काही सुचले नाही. धाकट्या भावाची मुलगी तेव्हा नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. ती तेवढी हसली नाही. तिने तो मोबाइल मागून घेतला, कानाशी धरून दोनदा ऐकला आणि दुपारी मला एकटीला गाठून म्हणाली, "आत्या, आवाजाचं सोडून दे. तू मध्येच थांबतेस. मी मोजलं, बावीस सेकंद."

पुरुषाचे घोरणे हा घरोघरी विनोदाचा विषय असतो. त्याला कुंभकर्ण म्हणायचे, आवाज गच्चीपर्यंत येतो म्हणायचे, की ते प्रकरण तिथेच मिटते. बाईचे घोरणे मात्र झाकून ठेवण्याची गोष्ट असते. मी कित्येक वर्षे पाहुण्यांच्या घरी सगळ्यांना झोप लागेपर्यंत जागी राहत असे, आणि सहलीला मुलींबरोबर जायची वेळ आली की काही ना काही कारण सांगत असे. याचा एक परिणाम असा झाला, की सकाळची डोकेदुखी, रात्रीतून तीन वेळा लघवीला उठणे आणि परीक्षेत पर्यवेक्षण करताना खुर्चीत डोळे मिटणे या तक्रारी मी डॉक्टरांना वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या करून सांगितल्या, आणि घोरण्याविषयी अवाक्षर काढले नाही. त्यांनी माझ्या वयाकडे पाहून पाळी जाण्याच्या सुमाराचा त्रास म्हटले, थायरॉइड तपासले, रक्तदाबाची दुसरी गोळी सुरू केली. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण कोड्याचा मुख्य तुकडा मीच पदराखाली धरून बसले होते. शिवाय पाळी गेल्यानंतर बायकांमध्ये स्लीप ॲप्नियाचे, म्हणजे झोपेत श्वास अडण्याच्या आजाराचे, प्रमाण वाढते, हे तेव्हा मला ठाऊक नव्हते.

पुण्यातल्या एका निद्रा-प्रयोगशाळेत डोक्याला वायरी, छाती-पोटाला पट्टे आणि बोटाला चिमटा लावून एक रात्र काढली. अहवालात लिहिले होते, की तासाला सरासरी 38 वेळा माझा श्वास अडतो किंवा अपुरा पडतो. तासाला पाचपेक्षा कमी ते सामान्य, पंधरापर्यंत सौम्य, तिसापर्यंत मध्यम आणि त्यापुढे तीव्र, अशी साधारण विभागणी असते. दहा सेकंद वा त्याहून जास्त वेळ थांबलेला किंवा अपुरा पडलेला श्वासच यात मोजला जातो. मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते, त्यामुळे हिशोब करण्याची खोड आहे. साडेसहा तासांच्या झोपेत हे प्रकार जवळजवळ 250 वेळा झाले होते, त्यातला सर्वांत लांब 54 सेकंदांचा होता आणि रक्तातला प्राणवायू 76 टक्क्यांपर्यंत उतरला होता. मला स्वतःला त्या रात्रीतले फक्त दोनदा जाग आल्याचे आठवत होते.

नेमके काय होते ते मी आता वर्गात सांगते तसे सांगते. घट्ट लस्सी कागदी नळीने जोरात ओढली की नळी आतल्या आत चपटी होते आणि जितके जोरात ओढावे तितकी ती जास्त मिटते. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ आणि पडजिभेजवळचा मऊ भाग मागे येतो, आणि श्वास ओढताना घशाची तीच गत होते. छाती-पोट धडपडत राहतात, पण हवा आत जात नाही. मेंदू धोक्याची घंटा वाजवून क्षणभर जागे करतो, घसा मोठ्या आवाजासरशी मोकळा होतो आणि आपण पुन्हा झोपतो. सीपॅप नावाचे यंत्र याच्यावर करते ते एवढेच, की नाकातून थोड्या दाबाची हवा सतत सोडून ती नळी आतून फुगवलेली ठेवते. दाब पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये मोजतात आणि साधारण 4 ते 20 यांच्या दरम्यान ठेवतात. बादलीतल्या पाण्यात नळी दहा सेंटिमीटर खोल बुडवून फुंकल्यावर पहिला बुडबुडा निघायला जेवढा जोर लागतो, तेवढा दहाचा दाब. वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम एक टक्का होतो तो. कागदावर हे इतके किरकोळ दिसते, की हे आपल्याला जमणार नाही अशी शंकासुद्धा येत नाही.

पहिल्या रात्री मी चाळीस मिनिटे टिकले. यंत्र घेऊन आलेल्या मुलाने मला खुर्चीत ताठ बसवून नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा मास्क बांधला होता, दोन बटणे दाखवली होती आणि सही घेऊन तो पुढच्या घरी गेला होता. आडवे झाल्यावर तोच मास्क सरकला आणि फटीतून गार हवा थेट डोळ्यांत येऊ लागली. मी पट्टे आवळले. सकाळी नाकाच्या दांड्यावर लाल वळ होता. पुढच्या काही रात्री पोटात हवा भरून ते नगाऱ्यासारखे झाले, घसा कोरडा पडला, आणि श्वास बाहेर सोडताना समोरून कोणी तरी हाताने अडवते आहे असे वाटून मी दचकून उठू लागले. यजमान बिचारे दुसऱ्या खोलीतून येऊन "काढ ते" म्हणत, आणि मी त्याचीच वाट पाहत असल्यासारखी काढत असे. तिसऱ्या आठवड्यात पंचावन्न हजारांचे ते यंत्र कपाटावर गेले.

त्याचे रिकामे खोके मी रद्दीवाल्यासाठी जिन्यात ठेवले होते. आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एसटीतून निवृत्त झालेले एक चालक राहतात. त्यांना सगळे काका म्हणतात. त्यांनी ते खोके पाहिले आणि दार वाजवले. "मॅडम, हे खोकं आमच्याकडं पण आहे," ते म्हणाले, आणि मी काही बोलायच्या आत त्यांनी विचारले, "सकाळी उठल्यावर डोकं दुखतं का?" तोपर्यंत इतक्या लोकांनी मला इतके काही विचारले होते, पण तो प्रश्न स्वतः भोगलेल्या माणसाकडून पहिल्यांदाच येत होता.

काका नोकरीत असताना सातारा-स्वारगेट फेरीवर खंबाटकीच्या बोगद्याच्या अलीकडे त्यांचा एकदा डोळा लागला होता. क्षणभरच, पण गाडी पांढऱ्या पट्टीच्या बाहेर गेली होती. त्यांनी ती बाजूला घेतली, तोंडावर पाणी मारले, वाहकाला चहा पाजला आणि ही गोष्ट बायकोलाही सांगितली नाही. चालकाला डुलकी आली म्हणजे तो रात्री कुठे तरी बसला होता, असाच अर्थ लोक काढतात. आजाराचे नाव त्यांना निवृत्तीनंतर चार वर्षांनी कळले. मी घोरणे लपवले होते आणि त्यांनी डुलकी. त्या दिवशी चहा होईपर्यंत आमचे बोलणे यंत्रापर्यंत पोहोचलेच नाही.

नंतर त्यांनी कपाटावरून यंत्र काढायला लावले. त्यांची शिकवण्याची पद्धत गाडी शिकवणाऱ्याची होती: आधी बंद गाडीत बसायचे. पहिले चार दिवस मास्क नुसता हाताने तोंडावर धरायचा, पट्टे बांधायचे नाहीत, यंत्र चालू ठेवायचे आणि दिवसाढवळ्या दूरदर्शनसमोर बसून बातम्या बघायच्या. मग पट्टे, पण तेही आडवे पडून, हवा चालू असताना बांधायचे, कारण झोपल्यावर गाल खाली ओघळतात आणि चेहऱ्याचा आकारच बदलतो. मास्क गळतो म्हणून मी पट्टे आवळत होते. काकांनी ते सैल करायला लावले, मास्क चेहऱ्यापासून बोटभर उचलून पुन्हा अलगद टेकवायला सांगितला, आणि सिलिकॉनची दुहेरी कड हवेने फुगून आपोआप बसली. मी पंचवीस वर्षे दाब शिकवते आहे आणि हे मला सुचले नव्हते. सुरुवातीला कमी दाबावर सुरू होऊन हळूहळू चढणारी सोय यंत्रात होती, आणि श्वास सोडताना दाब किंचित उतरवणारीही होती. दोन्ही बंदच होत्या. पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवून त्या चालू करून घेतल्या.

काकांच्या ओळखीतून आणखी चार जण भेटले आणि महिन्यातून एका रविवारी कोणाच्या तरी घरी जमण्याची पद्धत पडली. कापडी पिशवीत मास्क घेऊन यायचे, पोहे-चहा व्हायचा आणि मग सगळे मास्क मेजावर मांडले जायचे. बाहेरच्या माणसाने पाहिले असते तर लढाऊ वैमानिकांची बैठक भरली आहे असे त्याला वाटले असते. पहिल्याच बैठकीला कराडहून शिवणकाम करणाऱ्या एक ताई आल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाच मिनिटे पाहिले आणि म्हणाल्या, "तुमची चमकी काढा बघू."

तोपर्यंत मी तोंड झाकणारा मास्क सोडून फक्त नाकावर बसणारा घेतला होता, पण तो डाव्या बाजूने रोज गळत असे. चमकीचा खडा मास्कच्या कडेला टोचून तिथे फट राहत होती. ती काढून ठेवल्यावर गळती थांबली. चाळीस वर्षे नाकात असलेली चमकी काढताना मला जे वाटले ते लिहीत नाही, ज्यांना कळायचे त्यांना कळेल. आता ती रात्री काढून डबीत जाते आणि सकाळी तोंड धुतल्यावर नाकात येते. ताईंकडे असे बरेच होते. रात्री केसांना तेल लावले की मागचा पट्टा घसरतो, म्हणून तेल सकाळी लावायचे. चेहऱ्याला मलई लावून मास्क घातला तर सिलिकॉन निसटते आणि लवकर खराबही होते. अंबाडा पट्ट्याच्या वर यायला हवा किंवा वेणी सैल सोडायला हवी. आणि मंगळसूत्र! कूस बदलताना हवेची नळी आणि मंगळसूत्र यांचा असा पीळ पडतो, की एका रात्री मला खरोखरच गळा आवळल्याचे स्वप्न पडले होते. नळी डोक्यावरून पलंगाच्या वरच्या दांडीला सैल अडकवायची, हा त्यावरचा त्यांचा उपाय. यंत्रासोबत आलेल्या पुस्तिकेत दाढी-मिशांविषयी एक पूर्ण परिच्छेद होता. चमकी, अंबाडा आणि मंगळसूत्र यांविषयी ओळही नव्हती.

डिसेंबरात निराळीच अडचण आली. यंत्राला हवा दमट करणारे पाण्याचे भांडे असते. साताऱ्याच्या थंडीत ती कोमट दमट हवा गार नळीतून येताना तिच्यातले पाणी नळीतच जमते आणि पहाटे नाकात गुडगुड करत शिंतोडे उडतात. दवबिंदूचा धडा मी दरवर्षी शिकवते, तो असा नाकाशी आला. यंत्र पलंगापेक्षा खाली ठेवले तर जमलेले पाणी भांड्याकडेच परत जाते, आणि नळी उबदार राहिली तर ते जमतच नाही. ताईंनी माझ्या जुन्या सुती साडीचे, आत फ्लॅनेलचे अस्तर लावून, सहा फुटी अंगरखे शिवून दिले. आमच्यात त्याला नळीचे झबले म्हणतात, आणि आता सगळ्यांच्याच नळ्यांना झबली आहेत.

पाण्याच्या बाबतीत मात्र शिकवण्याची पाळी माझी होती. काका भांड्यात गॅरेजमधून आणलेले बॅटरीचे पाणी घालत होते, कारण ते स्वच्छ असते अशी चालकाची पक्की समजूत. त्यातले क्षार काढलेले असतात एवढेच. ते श्वासातून आत घेण्यासाठी बनवलेले नसते आणि ते जंतुविरहित असेलच असे नाही. आम्ही सगळ्यांनी मिळून ऊर्ध्वपातित पाण्याचे कॅन एकदम मागवायला सुरुवात केली, आणि उरलेले पाणी रोज सकाळी ओतून भांडे उघडे वाळवायचे असा नियम केला. वीज गेल्यावर काय करायचे, यावर उलट काकाच गुरू आहेत. पाण्याचे भांडे तापवायलाच सर्वांत जास्त वीज लागते, म्हणून वीज गेलेल्या रात्री ते बंद ठेवले तर घरचा इन्व्हर्टर बराच जास्त वेळ पुरतो, हे त्यांनी घड्याळ लावून पाहिले आहे.

या यंत्राचा जन्म कसा झाला हे कळल्यावर काका आणखीच खूश झाले होते. 1980 मध्ये सिडनीत डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी पहिल्यांदा असा उपचार केला, तेव्हा त्यांनी धूळ ओढण्याच्या यंत्राची मोटर उलटी वापरली होती. मास्क प्रत्येकाच्या नाकाच्या साच्यावरून बनवायचा आणि रोज रात्री चिकटवायचा. त्याआधी तीव्र आजाराला खात्रीचा उपाय म्हणजे गळ्याला भोक पाडून श्वासनलिका उघडणे, एवढाच होता. "म्हणजे जुगाडच की," काका म्हणाले. त्या दिवसानंतर मास्कच्या वळाविषयी कोणी फारशी तक्रार केली नाही.

सगळ्यांत तरुण सदस्य संगणक अभियंता आहे आणि त्याला आकडे आवडतात. रात्री किमान चार तास, आणि महिन्यातल्या किमान सत्तर टक्के रात्री, हा निकष त्याने कुठून तरी आणला आणि तेवढे झाले की तो स्वतःला उत्तीर्ण समजू लागला. अमेरिकेतल्या मेडिकेअर या सरकारी विमा योजनेत, यंत्राचा खर्च पुढे चालू ठेवायचा का हे ठरवण्यासाठी तो वापरतात. तो हिशेबनिसाचा निकष आहे, फुप्फुसांचा नव्हे. मी त्याला म्हटले, की चार तास म्हणजे पस्तीस गुण, आणि पहाटेची झोप, जिच्यात स्वप्ने जास्त पडतात आणि पुष्कळांचा श्वास सर्वांत जास्त अडतो, ती नेमकी तू अभ्यासक्रमाबाहेर टाकतोस.

आमची एक चूकही सांगितली पाहिजे, कारण ती सांगितल्याशिवाय हे लिहिणे प्रामाणिक होणार नाही. एक निवृत्त कारकून आमच्याकडे येत असत. मास्क उत्तम बसलेला, गळती नाही, रात्रभर वापर, आणि तरी यंत्रावरचा तासाचा आकडा अठरा-वीसच्या खाली येत नव्हता. दिवसा ते पूर्वीइतकेच पेंगत. आम्ही त्यांना धीर दिला. चिकाटी धरा म्हटले, उशी बदला म्हटले. काकांनी तर दाब वाढवून बघायची युक्तीही सांगितली. दोन महिने असे गेले. शेवटी त्यांची मुलगी त्यांना तज्ज्ञांकडे घेऊन गेली, तेव्हा कळले की यंत्र सुरू झाल्यावर काहींच्या बाबतीत दुसऱ्याच प्रकारचे श्वासथांबे दिसू लागतात. त्यांत घसा उघडा असतो, पण श्वास घेण्याचा आदेशच मेंदूकडून येत नाही. त्यांना वेगळ्या प्रकारचे यंत्र द्यावे लागले. दाब वाढवणे त्यांच्यासाठी चुकीचेच होते. ते आमच्यावर रागावले नाहीत, पण नंतर आलेही नाहीत. तेव्हापासून आमच्यात ठरले आहे, की पट्टे, पाणी, नळी, केस, झोपायची कूस इथपर्यंत आपले. दाबाचा आकडा डॉक्टरांचा. महिना उलटूनही आकडा पाचाच्या आसपास आला नाही, तर पोहे खायला येण्याआधी तपासणीला जायचे.

माझा आकडा आता दोन-तीनच्या मध्ये असतो. रात्री लघवीला उठणे थांबले, ते जवळजवळ पहिल्याच आठवड्यात, आणि सकाळची डोकेदुखी महिन्याभरात गेली. पर्यवेक्षणात डोळा लागत नाही. मुलांना त्याचे दुःख असावे. रक्तदाबाच्या गोळ्या मात्र अजून दोनच आहेत आणि वजनही जिथल्या तिथे आहे. यंत्र घेतले की दोन्ही आपोआप उतरतील असे मला विकताना सांगितले गेले होते, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

गेल्या महिन्यात भाचीच्या डोहाळजेवणाला माहेरी गेले होते. पुन्हा तीच रचना, ओळीने गाद्या आणि बायका. मी भिंतीकडची, बटणाजवळची जागा मागून घेतली, लांब वायरीचा बोर्ड आणला होता तो लावला, चमकी डबीत ठेवली, नळीला झबले चढवले. एका आतेबहिणीने अंधारात विचारले, "हे किती वाजता बंद होतं गं?" मी म्हटले, सकाळी माझ्याबरोबरच. थोडी खुसखुस झाली आणि मग सगळ्या झोपल्या.

दोनच्या सुमाराला मला जाग आली. माझे यंत्र संथ चालू होते. आवाज पलीकडून, थोरल्या वहिनींच्या गादीवरून येत होता, मोठा आणि चढत जाणारा, आणि मग तो एकाएकी तुटला. त्यांचे पोट पांघरुणाखाली हलताना दिसत होते. मी मोजायला लागले. अठ्ठाविसाव्या सेकंदाला त्या धक्का बसल्यासारख्या हलल्या, मोठा श्वास घेतला आणि कुशीवर वळल्या. या वहिनी आमच्या घरातल्या सगळ्यांत टापटिपीच्या, सकाळी सगळ्यांच्या आधी अंघोळ करून तयार असणाऱ्या. त्यांच्यासमोर घोरण्याचा विषय काढणे म्हणजे त्यांच्या फाटलेल्या पदराकडे चारचौघांत बोट दाखवण्यासारखे झाले असते.

सकाळी स्वयंपाकघरात त्या एकट्याच चहाचे आधण ठेवत होत्या. मी कपबशा पुसायला घेतल्या आणि त्यांच्याकडे न बघता विचारले, "वहिनी, सकाळी उठल्यावर डोकं दुखतं का हो तुमचं?"